पस्तीसच्या वर

सोमवार, ३ मार्च

बावीस! साठपैकी बावीस. हवे होते पस्तीस.

फाईलवाली साडेदहाला आली, साडेअकराला गेली. समाजसेवा केंद्राची बाई ही. बगलेत कायम निळी फाईल, म्हणून फाईलवाली. तोंडावर अर्थात मॅडम. तिच्याकडे पाहणीचा अर्ज असतो. वीस प्रश्न. स्वतः अंघोळ करतो का, वेळेवर जेवतो का, दार वाजलं तर उघडतो का — असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. माणूस जितका बिघडलेला तितके गुण जास्त. पस्तीस किंवा वर गेले की केंद्राच्या निवासात खाट मिळते. बारा खाटा, मागे बाग, चोवीस तास नर्स. पस्तीसच्या खाली असला तर तो घरीच बरा म्हणायचा. घरी म्हणजे माझ्या गळ्यात.

आणि आमचे महाराज, धाकटे बंधू! नऊ दिवस अंगाला पाणी लावलं नव्हतं. आज सहाला उठून अंघोळ. बाबांचा इस्त्रीचा शर्ट. ओले केस, सरळ भांग. दार त्यानेच उघडलं. या, बसा म्हणाला. चहा केला, आणि तिला विचारतो — साखर किती घालू? मी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी होता.

ही आईची शिकवण. पाहुण्यांसमोर नीट वागायचं, हे तिने त्याला फुटपट्टीने शिकवलं. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सतरा वर्षं याच्या कानात आवाज येतायत. नळातून माणसं नावं ठेवतात म्हणे. पण पाहुणा आला की नळसुद्धा गप्प!

ती गेल्यावर तोच शर्ट घालून कपाटामागच्या फटीत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलत होता.

जिन्यात मी तिला सांगितलं, रोज असा नसतो हो. ती म्हणाली, "मला जे दिसतं तेच मी लिहिते." फेरपाहणी मागता येते, एकदाच. वीस तारखेला येते म्हणाली.

मंगळवार, ४ मार्च

नळाला फडकं बांधून ठेवलंय. दात घासायला पाणी नाही. काल कुठे होतं हे!

गुरुवार, ६ मार्च

मालकांनी आज दुकान बंद करताना थांबवून घेतलं. वाटलं, महिनाभरात चार दिवस उशिरा आले त्याबद्दल बोलणार. तर म्हणाले, चष्म्याचं दुसरं दुकान काढतोय, तीन तासांवरच्या गावात. सांभाळशील का? दुकान सगळं तुझ्याकडे. वर राहायला खोली आहे.

मी विचारलं, किती खोल्या? एकच म्हणाले. खिडकीतून तळं दिसतं.

एकोणीस वर्षं मी अंधाऱ्या केबिनमध्ये उभी राहून लोकांना विचारतेय — आता बरं दिसतं की मघाशी? वय शेहेचाळीस. मला कुणी आजवर काही विचारलं नव्हतं. एक खोली, एक खाट, एक कप, एक बशी. घरी येताना दोन चौक पुढे चालत गेले, लक्षातच आलं नाही.

मालकांना महिनाअखेर उत्तर हवंय. निवासात खाट मिळाली तर हो, नाही तर नाही. इतकं सोपं आहे.

शनिवार, ८ मार्च

दादाचा फोन. आमचा थोरला, पाच तासांवर राहतो, तीन वर्षांत दोनदा आला. त्याला वाटतं धाकट्याला "असल्या जागी" ठेवू नये. लोक काय म्हणतील. आपल्या रक्ताचा आहे तो. मी म्हटलं, मग रक्त घेऊन जा तुझ्याकडे. तर म्हणे, आमच्याकडे जागा कुठे आहे? आणि तुझं कसं, तुझ्या मागे ना नवरा ना पोर. मागून वहिनी काहीतरी सांगत होती, तेही ऐकू आलं. दुरून डोंगर साजरे! एक महिना या डोंगरावर राहून बघा म्हणावं.

फोन ठेवला तर महाराज समोर उभे. विचारतात, दादा माझ्यावर रागावला का? मी म्हटलं, सगळेच रागावलेत. तो जेवला नाही. मी दोघांचं जेवले.

सोमवार, १० मार्च

दुकानात एक ट्रकवाला आला. परवान्यासाठी डोळे तपासायचे होते. डाव्या डोळ्याने धड दिसत नव्हतं, पण अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. मी मुद्दाम तक्ता बदलला. त्याने पुन्हा पहिलाच म्हटला! दर महिन्याला असा एक तरी येतो. दिसतं हे दाखवायला पाठांतर करून.

आज पहिल्यांदा डोक्यात आलं — दिसत नाही हे दाखवायलाही पाठांतर करता येईल की!

अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. सही केली तेव्हा फाईलवालीनेच दिली. वीसच्या वीस प्रश्न तिच्यात आहेत.

मंगळवार, ११ मार्च

तालीम सुरू. मी आईचा चष्मा लावला, बगलेत विजेच्या बिलांची पिशवी धरली, दार वाजवलं. महाराजांनी उघडलं. या, बसा! पहिल्याच वाक्याला गुण गेला. म्हटलं, तू दार उघडायचंच नाहीस, मी उघडेन. तू कपाटामागे बसायचंस.

पालथ्या घड्यावर पाणी. स्वतः अंघोळ करता का? हो मॅडम, रोज. अरे लबाडा! नऊ-नऊ दिवस वास मारत फिरतोस आणि रोज? मी दंडाला चिमटा काढला. पुन्हा विचारलं. हो मॅडम. पुन्हा चिमटा. सहाव्या वेळेला म्हणाला — नाही, जमत नाही.

मग मला सांगतो, पाहुण्यांशी खोटं बोललं की आई मारते. मी म्हटलं, आई नाहीये आता. तो म्हणाला, नळात आहे.

बुधवार, १२ मार्च

युक्ती सापडली. म्हटलं, हे खोटं नाही रे, परीक्षा आहे. परीक्षेत जे उत्तर पाठ केलेलं असतं तेच लिहायचं. शाळेत नाही का, गाईवरचा निबंध लिहिला म्हणून कुणी गाय होतं का? त्याला पटलं. एवढंच नाही, हसला. किती महिन्यांनी हसला! मीही हसले. मग भराभर बारा प्रश्न झाले. शाळेत महाराजांना पस्तीस पडायची मारामार होती. आता चाळिशीत पडायलाच हवेत.

शेवटी मी बजावलं, कुणीही विचारलं — मॅडम, डॉक्टर, देव — तरी हीच उत्तरं. मी सांगेपर्यंत बदलायची नाहीत. शब्द दे. त्याने दिला.

याच्या शब्दाचं मला ठाऊक आहे. तो आठ वर्षांचा होता, मी चौदाची. मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं आणि हा लोढणं गळ्यात. बसथांब्याच्या खांबापाशी उभं केलं, म्हटलं, मी येईपर्यंत हलायचं नाही. सिनेमा, मग गप्पा, मग विसरलेच. साडेतीन तासांनी धावत आले तर हा तिथेच. चड्डी ओली, ओठ निळे, एक हात खांबाला. मला म्हणाला, हललो नाही हं ताई. घरी काही सांगितलं नाही त्याने. मार मात्र त्यालाच बसला, चड्डी भिजवली म्हणून.

शुक्रवार, १४ मार्च

एकोणीसपैकी एकोणीस! विसावा घरच्या माणसासाठी असतो, तो सोडला. अगदी सुरात. पण फारच सुरात. नाही-जमत-नाही, नाही-जमत-नाही. तिसरीतला मुलगा पाढे म्हणतो तसं. चेहरा टवटवीत, डोळे चमकतायत — शाबासकी हवीय! फाईलवाली काय आंधळी आहे? "मला जे दिसतं तेच मी लिहिते."

उत्तरं झाली. चेहऱ्याचं काय करायचं?

रविवार, १६ मार्च

आजपासून गोळ्या बंद. दोन पांढऱ्या, एक गुलाबी. फक्त चार दिवस. वीस तारखेला पाहणी झाली की त्याच संध्याकाळी सुरू. चार दिवसांत कुणी मरत नाही. गेल्या वर्षी औषधाच्या दुकानात गोळ्या संपल्या होत्या तेव्हा तीन दिवस गेलेच होते की.

सगळ्यात वाईट हे, की तो स्वतः पाण्याचा पेला घेऊन आला. ताई, गोळी राहिली. मी म्हटलं, डॉक्टरांनी चार दिवस सुट्टी दिलीय. त्याला एवढा आनंद झाला. ते पाणी त्याने मला प्यायला दिलं.

प्यायले.

मंगळवार, १८ मार्च

झोपला नाही. सकाळी डोळे लाल, दाढीचे खुंट, नजर कुठेतरी माझ्या कानामागे. आरशात बघून स्वतःला नमस्कार करत होता. छान. देवा, मी काय लिहितेय! पण खरंच मनात आलं — छान.

बुधवार, १९ मार्च

केंद्रातून फोन. मॅडमचा पाय मुरगळलाय. उद्या नाही, अठ्ठावीसला.

अठ्ठावीस! मी म्हटलं, दुसरं कुणी येऊ शकत नाही का? पलीकडची मुलगी म्हणाली, केस त्यांच्याकडे आहे. जसा काही मी पार्सलचा पत्ता विचारतेय. मग आवाज गोड करून म्हणाली, काही तातडीचं आहे का? काय सांगणार? त्याला तुमच्यासाठी नासवत ठेवलंय, लवकर या?

दुकानात बसून हिशोब करत राहिले. आज गोळ्या सुरू केल्या तर अठ्ठावीसपर्यंत पुन्हा "साखर किती घालू" होणार. मग पुन्हा थांबवायच्या, पुन्हा सगळं. आणि फेरपाहणी एकदाच. आणि मालकांना महिनाअखेर सांगायचंय. एका गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरची काच दाखवली, तो म्हणाला, बाई, तुमचेच डोळे तपासा.

चार दिवस काढले. आणखी नऊ.

शनिवार, २२ मार्च

वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. तुमच्याकडे ठोकाठोकी चाललीय का, म्हणाल्या. मी म्हटलं, कपाट सरकवतोय. तिकडे महाराज नळाला आता फडक्याऐवजी उशीच बांधत होते. दोरी, वर माझा दुपट्टा. काकूंनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि म्हणाल्या, तुमचं कसं होतं ते तुम्हालाच ठाऊक बाई, मी तर पार वेडी झाले असते. वर जाऊन दार लावून कडी घातली. दोनदा घातली, ऐकू आली.

रविवार, २३ मार्च

आजपासून दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावणार. गॅसची टाकी बंद करून. चाकू, कात्री माझ्या पिशवीत. दुकानात शिंक आली म्हणून रुमाल काढायला गेले तर कात्रीच हाताला लागली. मालक बघत होते.

मंगळवार, २५ मार्च

आता नळातून माझा आवाज येतो म्हणे.

सकाळी माझ्या पायाशी येऊन बसला. हात जोडून म्हणाला, "ताई, तू नळातून बोलू नकोस ना. समोरून बोल." मी विचारलं, नळातून मी काय बोलते? तर सुरात म्हणून दाखवलं — स्वतः अंघोळ करता का? वेळेवर जेवता का? रात्री झोप लागते का? एकोणीसच्या एकोणीस. माझ्याच लकबीत. शेवटी चिमटा काढल्यासारखा स्वतःचा दंड ओढला. दंडावर निळ्या डागांची रांग आहे. सगळे मी काढलेले नाहीत. मी इतके काढले नाहीत.

मी डबी उघडली. गुलाबी गोळी हातावर घेतली. लहान असते, मसुराएवढी. पाच मिनिटं तरी बघत उभी होते. तीन दिवस राहिले. एवढं काठाशी येऊन बुडायचं? ठेवून दिली.

तळं दिसतं म्हणाले होते. खिडकीतून.

गुरुवार, २७ मार्च

तीन दिवस त्याने खाल्लं नाही. भात गोल गोल फिरवतो आणि माझ्याकडे बघतो, मीच कालवलंय म्हणून. उद्या साडेदहा. उद्या साडेदहा. उद्या साडेदहा.

शुक्रवार, २८ मार्च

झालं. नीट लिहायला हवं, नाही तर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

फाईलवाली लंगडत आली. दार मी उघडलं. महाराज कपाटामागे, ठरल्याप्रमाणे — पण ठरल्यामुळे नव्हे. तिने खुर्ची कपाटाशी ओढली, फटीतल्या अंधाराला प्रश्न विचारले. आतून तीच उत्तरं. नाही. जमत नाही. पण सूर गेलेला. प्रत्येक उत्तरानंतर दबक्या आवाजात विचारायचा, बरोबर? तिला वाटलं, तो आवाजांशी बोलतोय. तसं तिने लिहिलं.

नवव्या प्रश्नाला तो एकाएकी बाहेर आला. उघडा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तिला बघितलं आणि थबकला. पाहुणा! काय झालं असेल त्याच्या डोक्यात देव जाणे, सरळ ओट्यापाशी गेला. पातेलं उचललं. ते कशासाठी उचललं तेच आठवेना. रिकामं पातेलं दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"साखर किती घालू?" म्हणाला.

मला रडू फुटलं. खरं रडू. फाईलवालीने माझ्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तीन गुण लिहिले.

एकोणीस प्रश्नांचे एकोणपन्नास झाले. मला वरून दिसत होते. एकोणपन्नास! पस्तीसच्या कितीतरी वर. मी मनातल्या मनात कप-बशी बांधायला घेतली. आणि मग विसावा, जो आम्ही कधी घोकलाच नाही, कारण तो घरच्या माणसाला विचारायचा असतो.

औषधं नियमित चालू असूनही हा त्रास आहे का?

मी म्हटलं, "हो. एक दिवस चुकवली नाहीत."

तीन गुण. बावन्न. तिने बेरीज केली, पुन्हा केली. फाईल मिटली. म्हणाली, वाईट वाटतं हो, पन्नासच्या वर गेले. पन्नासच्या वर निवासात घेत नाहीत, तिथे माणसं झेपत नाहीत. बंद वॉर्ड. उद्या गाडी येईल.

मी म्हटलं, तुम्ही तर पस्तीस म्हणाला होतात. ती म्हणाली, पस्तीस खालची हद्द. वरची तुम्ही विचारलीच नाहीत.

पेन अजून तिच्या हातात होतं. नुसतं म्हणायचं होतं, थांबा, गोळ्या मी दिल्या नाहीत बारा दिवस. तीन गुण गेले असते. एकोणपन्नास. बाग, बारा खाटा. पण मग तिने विचारलं असतं, का दिल्या नाहीत? आणि सगळं पहिल्यापासून, आणि सगळं माझ्या नावावर, आणि तो घरीच. आणि सोमवारी मालकांना काय सांगू?

तिने पेनाला टोपण लावलं. मी तिला जिन्यापर्यंत पोहोचवायला गेले. पाय सांभाळा, म्हटलं.

शनिवार, २९ मार्च

गाडी सव्वानऊला आली. दोन माणसं, दोघंही बरी. त्याला वाटलं, शाळेची सहल. बाबांचा शर्ट मी त्याला घातला, गुंड्या मी लावल्या. दारात थांबून त्याने विचारलं, ताई, परीक्षा संपली? माणसं जिन्यात होती. मी शेवटची गुंडी लावत राहिले.

मग नळाची उशी सोडली. पाणी आलं. नुसतं पाणी.

सोमवार, ३१ मार्च

मालकांना हो सांगितलं.

दादाचा फोन. म्हणे, शेवटी घातलास ना वेड्यांच्यात. मग विचारलं, घराच्या किल्ल्या कुणाकडे ठेवणार?

रविवार, ४ मे

वॉर्डात भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी, दोन ते तीन. इथून बस बदलून साडेतीन तास. तीन दारं, तीन कुलपं. एका बाकावर तो, एका बाकावर मी, मध्ये टेबल.

हातांना कंप. चहा अर्धा टेबलावर सांडला. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, औषध दुप्पट केलंय डॉक्टरांनी. घरी पूर्ण डोस चालू असताना एवढा बिघडला म्हणजे तेवढ्याने त्याला भागत नाही, असं कागदावर आलंय.

कागदावर मीच आणलं.

तो हाताने सांडलेला चहा पुसत राहिला.

सोमवार, १२ मे

तळं खरंच दिसतं. पहाटे धुरकट असतं, सातला चकाकायला लागतं. एक कप, एक बशी. दुकानात आज अकरा जणांचे डोळे तपासले. घरी येऊन आडवी झाले आणि नऊ तास सलग झोपले. वाटलं होतं, मन खाईल. खाल्लं नाही. हेच लिहायला बसले होते, की खाल्लं नाही.

रविवार, १ जून

सिस्टरनी आज ऑफिसात बोलावून घेतलं. जाडजूड, हसऱ्या आहेत. म्हणाल्या, तुमचा भाऊ म्हणजे कोडंच आहे. तीन आठवडे झाले, अगदी सुधारलाय. हात स्थिर. सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ, चादरीच्या घड्या, म्हाताऱ्यांना भरवतो, नवीन माणूस आला की या, बसा म्हणतो. आम्ही त्याला मॅनेजर म्हणतो! पण दर पंधरवड्याला डॉक्टर प्रश्न विचारतात. स्वतः अंघोळ करता का? तर मान खाली घालून — नाही, जमत नाही. केस ओले असतात हो त्याचे तेव्हा! जेवता का? नाही. झोप लागते? नाही. आवाज येतात? येतात. डॉक्टर म्हणतात, आतून काहीतरी मोठं दबलेलं आहे. माणूस स्वतः म्हणतोय जमत नाही, तर सोडणार कसं?

मग म्हणाल्या, दहा जुलैला मंडळ बसतंय. त्या दिवशी खरी उत्तरं दिली तर लगेच घरी. निवास? तो तर भरला, दोन वर्षांची यादी आहे. घरी म्हणजे तुमच्याकडे. तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतो तो.

मी म्हटलं, बघते.

मला तिथेच कळलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. नऊ आठवडे तो खांबाला हात लावून उभा आहे.

भेटीला वीस मिनिटं उरली होती. आज तो बाबांच्या शर्टात होता, भांग पाडलेला, माझ्याकडे आशेने बघत होता. आमच्यामागे एक माणूस आपल्या बायकोवर ओरडत होता, गोंगाट होता, म्हणून नाही बोलले. पुढच्या खेपेला सांगेन. एकच वाक्य आहे. चार शब्दांचं वाक्य. नक्की सांगेन.

गुरुवार, १९ जून

खोली मोजली. दुसरी खाट बसते, पण मग खिडकी झाकली जाते.

रविवार, ६ जुलै

दोन वाजता पोहोचले. त्याने माझ्यासाठी बाक पुसून ठेवलं होतं. सिस्टर लांब गेल्या, तसा टेबलावरून वाकला आणि कानाशी येऊन म्हणाला, "ताई, निकाल लागला का? आता खरं सांगू?"

मी म्हटलं, "अजून नाही. मी सांगेपर्यंत नाही."

त्याने मान हलवली. हललो नाही हं, म्हणाला. चारची बस मिळाली, खिडकीशी जागा होती.